शांत आणि थंड राहणारं कॅबिनेट कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं मशीन जोडायचं ठरलं की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम यांवर लोक आठवडाभर खल करतात. कॅबिनेट मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, काच आणि दिवे बघून उचललं जातं. पुढची कित्येक वर्षं रोज कानावर पडणारा आवाज ठरतो तो याच पेटीवर. ओळखीपाळखीच्या लोकांची मशीनं जोडून देताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे उत्तरांसकट मांडले आहेत. आपल्याकडे बरेच जण या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. इथे सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, आणि पेटी म्हणजे कॅबिनेट.

शांत मशीन हवं असेल तर चारी बाजूंनी बंद, आतून फोम लावलेलं कॅबिनेटच घ्यायला हवं ना?

माझीही हीच समजूत होती. घर वन बीएचके, कॉम्प्युटर हॉलमध्ये, आणि रात्री त्याच हॉलमध्ये वडील झोपायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी दारासारखं बंद होणारं पुढचं पॅनल आणि आतून जाड फोम असलेलं एक ‘सायलेंट’ कॅबिनेट घेतलं. जानेवारीत ते खरंच शांत होतं. एप्रिल उजाडला, आणि रात्री व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की आतले फॅन भणभणायला लागले. वडील अंधारात कूस बदलताना दिसायचे आणि मला अपराधी वाटायचं. एका रात्री वैतागून मी पुढचं पॅनल ओढून काढलं. थोड्याच वेळात फॅन खाली आले. पेटी उघडी पडली होती, फोमचा अर्धा उपयोग गेला होता, आणि तरीही खोली आधीपेक्षा शांत झाली होती.

त्या रात्री माझं मत बदललं ते कायमचं. फोम आवाज झाल्यावर त्यातला काही भाग गिळतो. खेळती हवा तो आवाज होऊच देत नाही. शिवाय फोमला झेपतो तो बारीक, चिरका आवाज. फॅनची खालच्या पट्टीतली गुणगुण साधारण १४० हर्ट्झची धरली, तर तिची लहर जवळपास अडीच मीटर लांब असते. काही मिलिमीटर फोम तिच्यापुढे काहीच करू शकत नाही. पत्र्याला आतून चिकटवलेली डांबरी शीट ही वेगळी गोष्ट. ती आवाज गिळत नाही, पत्रा जड करून त्याची थरथर थांबवते, आणि तिचा उपयोग खरा आहे.

बंद पेटीचा विचार आला कुठून, हेही समजून घ्यायला हवं. २००५ मध्ये अँटेक कंपनीचं पी१८० हे कॅबिनेट आलं. ते ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ या संकेतस्थळाच्या जाणकारांच्या सल्ल्याने घडवलेलं होतं. पॅनल तीन थरांची, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि हार्ड डिस्कसाठी खाली वेगळा कप्पा. त्या काळात आवाजाचं मोठं कारण फिरणाऱ्या हार्ड डिस्क हे होतं, त्यामुळे दार लावून घेण्यात अर्थ होता. स्वीडनमधल्या फ्रॅक्टल डिझाइनने आपल्या ‘डिफाइन’ मालिकेत तीच वाट पुढे नेली. आज हार्ड डिस्कची जागा काहीच न फिरणाऱ्या एसएसडीने घेतली आहे आणि उष्णतेचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाकडे गेला आहे. आरटीएक्स ४०७० हे कार्ड २०० वॉट घेतं, ४०९० तर ४५०. एवढी ऊब दार लावून कोंडली तर फॅनची दमछाक होणारच.

बंद कॅबिनेट कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसर ६५ वॉटचा आहे, काम लिखाणाचं, हिशेबाचं किंवा आवाज रेकॉर्ड करण्याचं आहे, त्यांनी. त्यांना ते खरोखर लाभतं.

फॅन जास्त म्हणजे आवाज जास्त, नाही का?

नाही. हे गणित एकदा नीट बघा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

फॅनचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. सारखेच दोन फॅन एकत्र चालले की आवाज ३ डेसिबलने चढतो, तीन चालले की जवळपास ५ ने. आता मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या एका फॅनऐवजी ६०० फेऱ्यांचे तीन लावा. हवा दीडपट मिळते आणि आवाज सुमारे १० डेसिबलने कमी होतो. कानाला १० डेसिबलचा फरक साधारण निम्म्याने कमी ऐकू येतो. म्हणजे हवा दीडपट, आवाज निम्मा.

पण यात एक अट आहे. वेग निम्मा झाला की फॅनची हवा रेटण्याची ताकद निम्मी उरत नाही, चौथाई उरते. समोर बारीक जाळी, त्यापुढे काच, त्यापुढे दोन बोटांची फट असेल, तर ६०० फेऱ्यांचा फॅन नुसताच गरगरत राहतो, हवा पुढे सरकत नाही. मग मदरबोर्ड वेग वाढवतो आणि आपण पुन्हा मूळ पदावर येतो. संथ फॅन हवे असतील तर वाट मोकळी हवी.

मोठा फॅन याच कारणाने बरा. १४० मिलिमीटरच्या फॅनची चौकट १२० वाल्यापेक्षा ३६ टक्के मोठी असते, त्यामुळे तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत देतो.

दोन फॅन वेगवेगळे शांत आहेत, पण एकत्र चालले की ‘हूंऽ… हूंऽ’ असा आवाज येतो. बिघाड आहे का?

बिघाड नाही. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, की जी लाट ऐकू येते, तीच ही. सात पात्यांचा एक फॅन १००० फेऱ्यांवर ११७ हर्ट्झचा सूर देतो, १०२० फेऱ्यांवरचा दुसरा ११९ चा. दोघांतला फरक सेकंदाला दोनदा उठणारी लाट होऊन कानावर येतो, आणि रात्री झोप उडवायला तेवढी पुरते. पुढचे फॅन ७०० वर आणि मागचा ८५० वर असं मुद्दाम अंतर ठेवा. लाट विरून जाते.

नक्की किती हवा लागते?

समजा खेळताना किंवा रेंडर करताना मशीन ४०० वॉट घेतंय. ते सगळे शेवटी उष्णतेतच बदलतात. पेटीतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे ३५ लिटर हवा आत येऊन बाहेर जायला हवी. आंघोळीच्या दोन बादल्या, दर सेकंदाला. आकडा मोठा वाटतो, पण मोकळ्या वाटेवर हजारेक फेऱ्यांचे १२० मिलिमीटरचे तीन चांगले फॅन त्याच्या आसपास पोहोचतात. वाट अडली की हेच फॅन त्यापेक्षा पुष्कळ मागे पडतात.

हीच हवा नंतर खोलीत साठते, हेही लक्षात असू द्या. दार-खिडक्या लावून तासन्‌तास खेळलात तर खोली तापेल आणि कोणतंही कॅबिनेट त्यावर इलाज करू शकणार नाही.

दुकानात उभं राहून चांगलं कॅबिनेट ओळखायचं कसं?

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, खिशात पट्टी आणि मोबाइल एवढं पुरे.

आधी पुढचं पॅनल बघा. जाळी असेल तर तिच्यामागे मोबाइलची बॅटरी लावा. उजेड भरपूर आरपार आला तर हवाही येईल. काही कॅबिनेटांना बाहेर जाळी, तिच्यामागे प्लॅस्टिकची दुसरी जाळी आणि तिच्यामागे नायलॉनची तिसरी असते. अशा तीन पडद्यांतून उजेड येत नाही, हवाही येत नाही. जाळी म्हटली की हवेशीर, असं धरून चालू नका.

पुढे काच किंवा बंद पत्रा असेल तर बाजूच्या फटी मोजा. १२० मिलिमीटरच्या एका फॅनची मधली मोटर वगळली तर हवा जायला सुमारे १०० चौरस सेंटिमीटर जागा उरते. तीन फॅनची ३००. बाजूची फट दीड सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असेल, तर दोन्ही बाजू मिळून होतात १२०. तीन माणसांनी एका नाकाने श्वास घ्यावा, तशी ही अवस्था. दुकानदार आत लावलेले तीन फॅन दाखवतो, तेव्हा आपण ती फट बघायची.

मग बाजूच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. डबा वाजल्यासारखा ‘टण्’ आवाज आला तर पत्रा पातळ आहे आणि फॅनच्या थरथरीला तो साथ देणार. ‘ठप्’ असा बसका आवाज आला तर चांगलं. स्वस्त कॅबिनेटांचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, पॅनल हातात धरून किंचित पिळलं तरी वाकतं. ०.८ चा पत्रा हातालाच वेगळा लागतो.

मागच्या फॅनची जाळी बघायला लोक विसरतात. तिथे पत्र्यातच पाडलेली बारीक भोकं असतील आणि दोन भोकांमधला पत्रा रुंद असेल, तर फॅनची पाती त्याच्या अगदी जवळून फिरताना बारीक शिट्टी वाजते. तारेची जाळी किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी मोठी भोकं उत्तम. पुढच्या फॅनलाही हेच लागू. पाती आणि जाळी यांत बोटभर अंतर असलं तर बराच फरक पडतो.

तळाचे पाय किमान दोन सेंटिमीटर उंच आणि रबराचे हवेत. एसएमपीएस खालूनच हवा घेतो. आणि मापं घरून लिहून न्या. प्रोसेसरवर बसणारा नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५. कॅबिनेटवर ‘१६० पर्यंत’ असं लिहिलं असेल तर पहिला बसणार नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी मोजताना पुढच्या फॅनची २५ मिलिमीटर जाडी वजा करायला विसरू नका. मागे कार्डाच्या खाचांवरच्या पट्ट्या स्क्रूने बसणाऱ्या असाव्यात. तोडून काढायच्या पट्ट्या एकदा तोडल्या की भोक उघडं राहतं, आणि आपल्याकडे त्या भोकातून झुरळं आत जातात. मदरबोर्डावर झुरळांची अंडी मी स्वतः पाहिली आहेत.

फॅन कुठे आणि कोणत्या दिशेने लावायचे?

पुढून आत, मागून बाहेर. पुढे दोन, मागे एक, एवढ्यावर बहुतेक घरगुती मशीनं सुखाने चालतात. चौथा घ्यायचाच असेल तर वर, मागच्या कोपऱ्यात, बाहेर फेकणारा लावा. वर पुढच्या बाजूला लावलेला फॅन पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच उचलून बाहेर टाकतो. तिथे न लावलेलाच बरा. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर पुढचा एक फॅन शक्य तितका खाली सरकवा, हवा थेट कार्डाच्या पोटाखाली गेली पाहिजे.

गरम हवा आपोआप वर जाते म्हणून वरून बाहेर काढायलाच हवी, असं अनेकदा ऐकू येतं. हवा वर जाते हे खरं, पण पेटीच्या एवढ्याशा उंचीत तो जोर इतका क्षीण असतो की संथ फॅनसुद्धा त्याला सहज मागे सारतो.

परीक्षणांमध्ये तापमान छान दिसतं, आणि माझ्याकडे नागपुरात तेच कॅबिनेट तापतं. असं का?

कारण परीक्षणाची खोली आणि तुमची खोली यांत फरक आहे. परदेशातली बरीच परीक्षणं २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. फॅनचा वेग तोच राहिला तर खोली जितकी तापते, जवळजवळ तितकाच आतला प्रत्येक भाग तापतो. २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारं ग्राफिक्स कार्ड ३६ अंशांच्या खोलीत ८४ कडे जाणार. प्रत्यक्षात कार्ड तिथवर जाऊ देत नाही, फॅन वाढवतं, आणि ते १४ अंश आवाज होऊन आपल्या कानावर येतात. म्हणून परीक्षण वाचताना तुमच्या मे महिन्यातल्या खोलीचं तापमान आणि त्यांच्या खोलीचं तापमान यांतला फरक त्या आकड्यात मिळवा. विदर्भात राहणाऱ्याने बंद कॅबिनेटच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण ताण आला की ९५ अंशांपर्यंत जातील अशाच रीतीने बनवलेले आहेत. तो आकडा एकटाच बघून घाबरू नका; त्या वेळी वेग किती टिकतोय आणि फॅन किती ओरडतोय ते बघा.

एक सूचना खास कूलरवाल्या घरांसाठी. वाळ्याच्या किंवा गवताच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या हवेत दमटपणा असतो, बारीक तुषारही असतात आणि पाण्यातला क्षार प्रोसेसरच्या कूलरच्या पातळ धातूच्या पंखांवर आणि पत्र्यावर बसतो.

छताचा पंखा चालूच असतो, मग कॉम्प्युटरच्या आवाजाची एवढी काळजी कशाला?

मेमध्ये पंखा पाचवर असताना संथ फॅनचा आवाज खरंच ऐकू येत नाही. पंखा थांबतो तेव्हा तो आवाज उघडा पडतो. थंडीतल्या रात्री खोलीच गार असते, त्यामुळे मशीन तसंही हळू चालतं. खरी परीक्षा एसीच्या बंद खोलीत, पहाटे अभ्यासाला बसल्यावर, किंवा माइकसमोर बोलताना होते. या तीन वेळा तुमच्या आयुष्यात नसतील तर शांततेवर जास्तीचे पैसे घालवू नका.

आपल्याकडच्या धुळीत जाळीचं कॅबिनेट टिकेल का?

टिकेल, पण झाडलोट तुम्हाला करावी लागेल. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग पेटीच्या फटींतून हवा बाहेर पडत राहते, धूळ फटींतून आत ओढली जात नाही. ती येते फक्त गाळणीतून आणि गाळणीवरच अडकते. म्हणून गाळणी स्क्रू न काढता, मागून खेचून निघणारी असावी. काढायला सोपी असेल तरच ती धुतली जाते. रस्त्याकडेच्या घरात महिन्यातून दोनदा धुवावी, एरवी महिन्यातून एकदा. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

वर्षातून दोनदा ब्लोअरने आतली धूळ काढा, गच्चीत किंवा बाल्कनीत नेऊन. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. जोराच्या झोताने फॅन बेफाम फिरला तर बेअरिंग खराब होतं. दिवाळीच्या साफसफाईत हे होऊन जातंच, दुसरी वेळ पावसाळ्याआधी मेअखेर ठेवावी.

कॅबिनेटसोबत चार आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन फुकट मिळाले, ते चालतील ना?

आधी त्यांची वायर बघा. स्वस्त कॅबिनेटांमधले पुष्कळ फॅन मोलेक्स या नुसती वीज देणाऱ्या जोडणीने थेट एसएमपीएसला लावलेले असतात. त्यांना १२ व्होल्ट मिळतात आणि ते रात्रंदिवस एकाच वेगाने पळतात. मशीनवर काही ताण नसतानाही आवाज तेवढाच. मदरबोर्डाला त्यांचा वेग कमी करताच येत नाही. काहींच्या वायरचं टोक त्याच कंपनीच्या हबमध्ये बसणारं असतं आणि वेग फक्त रिमोटवरून बदलतो.

फॅन चार पिनचा असावा. त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. तीन पिनचा असला तरी हरकत नाही, मदरबोर्डाच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) त्या जोडणीसाठी ‘डीसी’ निवडा, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग आवरता येतो. चार फुकट फॅनपेक्षा आर्क्टिक पी१२ किंवा पी१४ सारखे दोन साधे फॅन मी कधीही घेईन.

काहीच करत नसताना फॅन अचानक ‘भुर्र’ करतो आणि शांत होतो. सतत असंच.

हल्लीचे प्रोसेसर ब्राउझरची एक खिडकी उघडली तरी क्षणात १५-२० अंश उडी मारतात आणि तितक्याच लवकर खाली येतात. फॅन त्या प्रत्येक उडीमागे धावतो. कानाला एकसुरी आवाजापेक्षा असा चढउतार जास्त टोचतो.

बायोसमध्ये फॅनचा आलेख असतो. ६० अंशांपर्यंत सपाट रेषा ठेवा, त्यापुढे हळूहळू चढवा. बहुतेक मदरबोर्डांवर फॅनने किती सेकंद थांबून वेग बदलायचा तेही ठरवता येतं, ते वाढवा. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधता येतात, आणि खेळणाऱ्यांसाठी हेच योग्य. अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य. मी कुणाच्याही घरी गेलो की पहिलं हेच करतो.

लिक्विड कूलर घेतला तर शांतता मिळेल?

मिळेलच असं नाही. द्रव गार करणाऱ्या रेडिएटरवर फॅन लागतातच, शिवाय पंपाची बारीक किणकिण नव्याने येते, आणि ती शांत बसलेल्या मशीनमध्येही चालू राहते. फार ताकदीच्या प्रोसेसरला तो उपयोगी आहे. बाकी सगळ्यांना दुहेरी मनोऱ्याचा हवेवरचा कूलर पुरतो. त्यात बिघडायला फक्त फॅन असतो, आणि तो बदलता येतो.

सगळं करूनही खेळताना आवाज येतोच. आता?

आता तो ग्राफिक्स कार्डाचा आहे. कॅबिनेट त्याला गार हवा देऊ शकतं, त्याची भूक कमी करू शकत नाही. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून त्याची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून बघा. खेळाच्या वेगात पडणारा फरक बहुतेकदा जाणवत नाही, आवाजातला फरक मात्र शेजारच्या खोलीतही कळतो. स्क्रीन ६० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मर्यादाही तिथेच बांधा.

चिरका, किड्याच्या किरकिरीसारखा आवाज येत असेल आणि तो फॅनच्या वेगाबरोबर बदलत नसेल, तर ती कार्डातल्या कॉइलची कुरकुर आहे. बंद पॅनलने ती थोडी दबते, जात नाही. फ्रेमची मर्यादा इथेही मदत करते.

एसएमपीएसचं काय?

‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, शांततेचा नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स या संस्थेची श्रेणी बघा. ए पुढे जितके प्लस, तितका तो शांत. गरजेपेक्षा थोडा मोठा घेतलात तर त्याचा फॅन बराच वेळ थांबलेला किंवा संथ राहतो.

जुनी हार्ड डिस्क ठेवायचीच आहे, तिची घरघर टेबलावर जाणवते.

७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा पत्रा हलवते. रबरी वॉशरवर बसवा. त्यानेही भागलं नाही तर बाहेरच्या डब्यात घालून फक्त बॅकअपपुरती जोडा.

आमच्या कॉम्प्युटर टेबलाला ‘सीपीयू’साठी वेगळा कप्पा आहे. त्यातच ठेवतो.

काढा तिथून. तो कप्पा तीन बाजूंनी बंद असतो. मागून बाहेर पडलेली गरम हवा फळीवर आपटून पुढे येते आणि पुढचे फॅन तीच पुन्हा आत घेतात. मशीन आपलाच उच्छ्वास पुन्हा घेत बसतं, आणि या घुसमटीपुढे कुठल्याही कॅबिनेटचा इलाज चालत नाही. कप्प्यातच ठेवणं भाग असेल तर मागची फळी सुताराकडून पूर्ण कापून घ्या आणि भिंतीपासून टेबल वीतभर पुढे ओढा. त्यापेक्षा टेबलाखाली, कानापासून लांबच्या बाजूला, छोट्या लाकडी स्टँडवर ठेवलेलं कॅबिनेट उत्तम.

बाजूचं पॅनल काढून समोर टेबल फॅन लावला तर?

अडीनडीला ठीक. पण त्यात धूळ थेट मदरबोर्डावर बसते, आतला प्रत्येक आवाज मोकळा बाहेर येतो, आणि लहान मूल घरात असेल तर फिरती पाती त्याच्या हाताशी येतात. तो उपाय म्हणून नको. चाचणी म्हणून पॅनल काढणं मात्र फार उपयोगी आहे, त्याबद्दल शेवटच्या उत्तरात सांगतो.

नावं सांगा ना. कोणतं घेऊ?

फ्रॅक्टल टॉरेंट, २०२१ मधलं. पुढे १८० मिलिमीटरचे दोन अवाढव्य फॅन, पूर्ण उघडी जाळी. ताकदीच्या मशीनसाठी संथ फॅन आणि भरपूर हवा म्हणजे काय, ते यात दिसतं. महाग आहे आणि जागाही खातं. लियान ली लॅनकूल २१६ मध्ये पुढे १६० चे दोन फॅन येतात. त्याच विचाराचं, अधिक आवाक्यातलं. कॉर्सेअर ४०००डी एअरफ्लो साधं आणि जोडायला सुटसुटीत. फ्रॅक्टल नॉर्थच्या पुढे खऱ्या लाकडाच्या पट्ट्या आहेत, हॉलमध्ये ठेवायचं असेल तर घरच्यांनाही आवडतं. कमी विजेच्या, शांत कामाच्या मशीनसाठी बंद पद्धतीचं डिफाइन ७ आहेच.

नव्या मॉडेलची वाट बघत बसू नका. वरची पट्टीची आणि बॅटरीची कसोटी कुठल्याही नावाला लावता येते, आणि ती लावल्यावर अनोळखी कंपनीचं स्वस्त कॅबिनेटही चांगलं निघू शकतं.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

हा प्रश्न आवाजाचा नाही, पण तातडीचा आहे. घराच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलं आहे. वायरमनला बोलावून तपासून घ्या, तोवर मशीन प्लगमधून काढून ठेवा. दोन पिनचा अ‍ॅडाप्टर मध्ये लावला असेल तर तो आधी फेका.

माझं कॅबिनेट जुनं आहे. नवं घ्यायलाच हवं का?

आधी हे करून बघा. नेहमीचा खेळ किंवा रेंडर वीस मिनिटं चालवा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड यांचं तापमान आणि फॅनचे फेरे लिहून ठेवा. मग फक्त पुढचं पॅनल काढून तेच वीस मिनिटं चालवा. नंतर पॅनल परत लावून बाजूचं काढा आणि तिसऱ्यांदा चालवा. तिन्ही वेळा खोलीचं तापमान सारखं हवं, म्हणून एका बैठकीतच उरका.

पुढचं काढल्यावर पाच अंशांहून जास्त फरक पडला तर हवा आत यायची वाट अडली आहे. कधी कधी ते पॅनल उघडून मधली प्लॅस्टिकची जाळी कापली की काम होतं. मी तीन कॅबिनेटांवर हे केलं आहे. पुढचं काढून फरक नाही पण बाजूचं काढून आहे, तर हवा बाहेर जात नाही किंवा कार्डापर्यंत पोहोचत नाही. मागचा फॅन आणि वायरींचा गुंता बघा. दोन्ही काढून काहीच फरक नसेल तर कॅबिनेट निर्दोष आहे. मग प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदला, पंखांत अडकलेली धूळ काढा, आणि पैसे वाचवा.